खिडकीला दोन माणसं लागतात

धोम धरणाचा काठ, वाई
२७ एप्रिल

नाथाजीस जिनपालचा जय जिनेंद्र. तुझा रामराम आला असं मीच धरून चालतो.

फोन केला की तुझी सून उचलते. सृष्टी गुणाची पोरगी हाय, पण तिला खोटं बोलता येत न्हाई. सकाळी केला तर "मामा मळ्यात गेलेत", दुपारी केला तरी मळ्यात, आणि मागनं तुझं खाकरणं ऐकू येतंय. एवढा वेळ मळ्यात काढणारा तू न्हाईस, हे अख्ख्या कडेगावाला ठावं हाय. म्हणून पत्र लिहितोय. पत्र आलं की पलटणीतला माणूस उघडल्याबिगर राहत न्हाई, असं तूच सांगायचास.

कामाचं तेवढं लिहितो. आपल्या दोघांच्या बोटीच्या माझ्या बाजूच्या दोन्ही खिडक्या तडकल्या. ऐन दुपारी फाटदिशी आवाज झाला, मला वाटलं कुणी दगड मारला. बाहेर येऊन बघतो तर कुत्रं न्हाई काठावर. पुढच्या खिडकीला एका बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत सरळ चीर. पुढल्या आठवड्यात मागचीनं बी तेच केलं. कारण तुला म्हाईत हाय. तुझी ती पुट्टी, दोन गोळ्या मळून एक करायची. मळ्यातल्या पाइपलाइनला ठीक हाय, पाइप मातीत गाडलेला असतो, त्याला ऊन लागत न्हाई. खिडकी उन्हात फुगते, गारव्याला आकसते. तिला हलायला जागा लागते. तू तिला चारी बाजूंनी चिणून टाकलीस. सांगलीत उभा जन्म पंप आणि पाइप विकण्यात गेला माझा, ती पुट्टी मीच तुला पहिल्यांदा विकली, आणि तू ती आणून माझ्याच डोक्यावर भरलीस.

आणि माझ्याच बाजूला. तुझ्या बाजूच्या दोन खिडक्यांना हात लावलेला दिसत न्हाई. म्हणजे प्रयोग करायचा तो जिनपालच्या अंथरुणावर. जमलं तर तुझी वाहवा, बिघडलं तर भिजणारा मी.

परवाच्या वळवात गादी भिजली. उन्हात घातलीय, वास जात न्हाई.

आता पाऊस लागायच्या आत, हात घालायचाच तर, चारी खिडक्या काढून नव्यानं बसवायला पायजेत. ते एकट्याचं काम न्हाई, तुला सांगायला नको. बाहेरून एकानं बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं, आतून दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकटा असलं की आतला नट फिरवला की बाहेर बोल्ट बी गरागरा फिरतो. काल दिवसभर आत-बाहेर करून एक निघाला न्हाई.

तवा ये. काम झालं की जा. बोलायचं नसंल तर बोलू नगंस, नुसता पेचकस धर.

जिनपाल


११ मे

नाथाजी,

तुझं उत्तर न्हाई. बरं.

मी बी गप बसणारा न्हाई. तुझी पुट्टी काढतोय. छिन्नी लावली तर बोटीचं अंग सोलून निघतंय, म्हणून सृष्टीएवढ्या पोरी केस वाळवतात तसलं गरम वाऱ्याचं यंत्र वाईतनं आणलं. तासभर गरम केलं की बोटभर पुट्टी सुटते, मग बांबूची पाचर घालून उचलायची. भाऊसोच्या शेडमधनं वायर ओढलीय. तोच तो, ज्याच्या रानाच्या कडेला आपली बोट टायरांवर उभी हाय. तो येऊन बघतो आणि हसून जातो. त्याला वाटतं, आण्णा बोटीची हजामत करायला लागलेत.

एक गोष्ट तुला सांगून ठेवतो, कारण तू सगळ्यांना तुझ्या बाजूनं सांगत असशील. गेल्या श्रावणात मी कुंभोजला मुनिमहाराजांच्या दर्शनाला गेलो. जाताना तुला हात जोडून सांगितलं हुतं, पुढच्या खिडकीच्या फटीत कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलंय, आत तिची पिल्लं हायत, चातुर्मास हाय, पंख फुटून जाईपर्यंत फट उघडू नगंस. तू मान हलवलीस. परत आलो तर घरटं न्हाई, माती धुऊन टाकलेली, आणि फटीत करडी पुट्टी. "काय केलंस" म्हणून मी विचारलं सुद्धा न्हाई. आमच्यात रागाला उत्तर मौन हाय. मला जरा खोकला हुता, त्यामुळं बोलायला तसं बी नको वाटत हुतं. मी दशलक्षण पर्वाचे दहाच्या दहा दिवस एक शब्द बोललो न्हाई.

तू चहा करायचास आणि माझ्याजवळ ठेवायचास. मी पिऊन कप धुवायचो. एवढाच व्यवहार.

मग क्षमावणी आली. त्या दिवशी आमी सगळ्यांची क्षमा मागतो, मनानं, बोलण्यानं, देहानं कुणाला दुखवलं असंल तर. मी तुला बी पाठवलं की. फोनवर, ते कमळाचं चित्र आणि खाली मजकूर. निळ्या खुणा झालेल्या मी बघितल्या. तू वाचलंस, पिशवी भरलीस आणि दुपारच्या एस्टीनं गेलास. क्षमा मागितलेला माणूस अजून काय करणार, सांग.

तुझा पेचकस डब्यात तसाच हाय. मी दुसरा वापरतो.

जिनपाल


२२ मे

नाथाजी,

कार्ड पोचलं. पोस्टमन भाऊसोच्या शेडमधी ठेवून गेला हुता. त्यावर मायना न्हाई, सही न्हाई. "थिनर लावू नकोस. साबणाचं पाणी लाव." एवढंच. अक्षर मात्र तुझंच, रांगेत उभं केल्यासारखं.

पण गड्या, उशीर झाला. थिनर लावून झालं हुतं. दुकानदार माणूस मी, चिकट काय दिसलं की हात थिनरकडंच जातो. चिरा पडलेल्या खिडक्या तर टाकायच्याच हुत्या, पण भाऊसोला बाहेर बोल्ट धरायला लावून तुझ्या बाजूची बी एक काढली, ती पुसली आणि डोळ्यांदेखत तिच्यात बारीक जाळं उमटलं. काच न्हाई ती, प्लास्टिक हाय, हे डोक्यात असून हातात नव्हतं. आता तीन नव्या कराव्या लागणार. साताऱ्यात दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडं जुन्या खिडक्या घेऊन गेलो. त्यानं मोजून कापून दिल्या. मला विचारतो, आण्णा, यावर नाव काय लिहायचं? मी म्हटलं, काही न्हाई, यातनं बाहेर बघायचं असतं.

येताना एस्टीत आठवलं, मुंबईच्या क्लबानं मोडीत काढलेली ही बोट आपण ट्रकवर घालून आणली तवा वाईत लोकांनी रस्ता सोडला हुता. एका म्हातारीनं तर हात जोडले, तिला वाटलं कुठल्यातरी देवाचा रथ चाललाय. तू ट्रकमधनं तिला आशीर्वाद दिलास. मला एवढं हसू लोटलं की तोंड फिरवून बसलो. तुझ्या घरच्या चंद्रावहिनीनं आणि माझ्या घरच्या सुंदरीनं दोघींनी मिळून बजावलं हुतं, त्या डबड्याला आमचं नाव देऊ नका. म्हणून अजून ती बिननावाची हाय. आता दोघी बी न्हाईत आणि डबडं हाय.

सृष्टीशी काल बोललो. तू खरंच मळ्यात गेला हुतास वाटतं, कारण ती मोकळेपणी बोलली. म्हणाली, जिनपालमामा, रागावू नका, पण मामांना त्या चित्राचं लय लागलं. "दुकानाच्या गिऱ्हाइकांना धाडलं तेच मला धाडलं," असं म्हणाले.

व्हय, तेच धाडलं हुतं. फोनमधल्या सगळ्यांना एकदम जातं ते. त्यात पाइपवाले हायत, गिऱ्हाईक हायत, बँकेतला माणूस हाय. मला त्यात काय वावगं वाटलं नव्हतं. एकाच बोटीत तू पलीकडच्या अंथरुणावर बसला हुतास, हात लांब केला असता तर लागला असता, हे आता लिहिताना दिसतंय.

खिडकीच्या फटीत भरायचं सीलंट कुठलं आणू ते लिही.

जिनपाल


५ जून

नाथाजी,

तुझं दुसरं कार्ड आलं. "बाहेर उन्हात टिकणारं, रबरासारखं ताणणारं घे. बोल्टाचं भोक बोल्टापेक्षा मोठं पाड. नट गच्च आवळायचा न्हाई, मसाला चेपून बाहेर आला तर आत काय राहणार." सगळं समजलं. तसंच करतो. पण आज कामाचं लिहायला बसलेलो न्हाई.

परवा मोठा पाऊस झाला. माझ्या बाजूच्या खिडक्या उघड्याच हुत्या, त्यावर ताडपत्री बांधली हुती. ती वाऱ्यानं फडफडायला लागली म्हणून मी तुझ्या अंथरुणावर जाऊन पडलो. इतकी वर्षं झाली, तुझ्या जागेवर मी एकदा बी झोपलो नव्हतो. कारणच नव्हतं.

पाऊस वाढला आणि माझ्या कपाळावर पाणी पडलं. मग मानेवर. मग उशीवर. मी उठून चाचपलं तर तुझी जी खिडकी मी अजून काढली नव्हती तिच्या मागच्या कोपऱ्यातनं धार लागलेली, माझ्या बाजूला लागायची तशीच, कणभर कमी न्हाई. उशीखाली तू प्लास्टिकचा कागद घडी करून घातलेला हाय. त्याच्या कडा झिजल्यात. म्हणजे तो एका पावसाळ्याचा न्हाई.

तुझी खिडकी गळती हे तू मला कवा सांगितलं न्हाईस. मी तुला माझी गळती म्हणून रोज सकाळी सांगायचो. मी कुंभोजला जायच्या आधी वाईच्या डॉक्टरनं माझी छाती तपासून सांगितलं हुतं की ओलीत झोपू नका, आता खोकला आत उतरलाय. तवा तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला हुतास. तू डॉक्टरला विचारलंस, पाऊस संपेपर्यंत थांबलं तर चालंल का. तो न्हाई म्हणाला. हे मी विसरलो न्हाई, पण याची आणि त्या पुट्टीची गाठ मी कवा घातलीच न्हाई.

दोन्ही बाजू गळत हुत्या आणि तू एकच बाजू बुजवलीस. मी काय लिहिलं तुला? प्रयोग. माझ्या अंथरुणावर प्रयोग. नाथाजी, ते पत्र फाडून टाक. न्हाईतर ठेव, तुझी मर्जी.

त्या घरट्यातल्या जिवांचं मात्र मी खोटं लिहिणार न्हाई. ते गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. मी तिथं असतो तर तुला करू दिलं नसतं, आणि खोकत बसलो असतो. त्याचं पाप तुझ्या नावावर मांडायचं की माझ्या छातीच्या, मला ठरवता येत न्हाई. पण तू ते मजेनं केलं न्हाईस. तुला माझा राग येणार हे ठाऊक असून केलंस, हे आता मला समजलं.

तुझ्या बाजूच्या खिडक्या आधी बसवतो. माझ्या मागनं.

जिनपाल


१९ जून

नाथाजी,

बसवायला घेतल्या. पहिल्या खिडकीला भाऊसोला हाताशी घेतलं. माणूस भला, पण त्याला नट म्हणजे ट्रॅक्टरचं चाक. मी बाहेरून बोल्ट धरून "हळू, हळू" म्हणतोय आणि त्यानं आतून असा आवळला की सगळं सीलंट चहूकडनं लोण्यासारखं बाहेर. पुन्हा काढा, पुन्हा पुसा. त्यानं उद्या येतो म्हटलं तर मी म्हटलं नको, मला बरं वाटत न्हाई. बरं नसायला काय झालं हुतं? मला त्याचा हात नको हुता, एवढंच.

मग एकट्यानंच केलं. फळीला भोक पाडून त्यात पेचकस ठोकला, फळी बोटीच्या टपावरनं दोरीनं आवळली, पेचकसाचं तोंड बोल्टाच्या डोक्यात. आता बोल्ट हलत न्हाई. मग आत रांगत जायचं, नट थोडा फिरवायचा, बाहेर यायचं, दोरी सोडायची, पुढच्या बोल्टाला बांधायची. चार खिडक्यांचे बोल्ट किती तुला म्हाईत हाय. गुडघे सुजले. तेल लावून बसलोय.

सीलंटची जाडी राहावी म्हणून खिडकीच्या पाठीमागं सायकलच्या ट्यूबचे बारीक तुकडे घातले. ते मी माझ्या डोक्यानं केलं. शाबासकी द्यायची तर कार्डावर जागा असते.

चारी बसल्या. पण तुझ्या बाजूच्या पुढच्या बोल्टातनं थोडं पाणी येतंय. काय करू ते कळव.

जिनपाल


८ जुलै

नाथाजी,

तू सांगितलंस तसं केलं. बोल्ट काढला, भोक पुसून कोरडं केलं, सीलंट भरलं, बोल्ट न फिरवता नुसता नट बसवला. आता पुढचा बोल्ट ठीक. मागच्या कोपऱ्यात ओल दिसतीय.

इथं पाऊस थांबायचं नाव न्हाई. समोरचे डोंगर दिसत न्हाईत, पाणी रोज वर सरकतंय. आठवड्यात टायरांना लागंल. पोरगा श्रेयस फोन करतो, आण्णा सांगलीला या, दुकानावर नुसते बसा. मी म्हणतो, बोटीचं काम चालू हाय.

दिवस मावळायच्या आत माझं जेवण उरकतं, ते तुला म्हाईत हाय. तू मागनं जेवायचास, मी समोर बसून बोलायचो, आणि तू म्हणायचास, लेका, तुझं पोट भरलंय म्हणून तुला एवढं सुचतंय. आता जेवून भांडी घासली तरी उजेड असतो. त्या उजेडाचं काय करावं समजत न्हाई. नवीन खिडकीतनं बाहेर लय साफ दिसतं, पण दिसतं काय, तर पाणी.

तुझी आलेली कार्डं, पोथ्या, गादी, सगळं मी माझ्या खिडकीखालच्या फळीवर ठेवलंय. ठीक हाय सगळं.

कोपऱ्याचं काय करू?

जिनपाल


२ ऑगस्ट

नाथाजी,

बोट तरंगली. काल सकाळी डोळे उघडले तर अंगाखाली हलत हुतं. मी "नाथाजी, उठ, तरंगली" म्हणून मोठ्यानं हाक मारली. मग एकटाच उठलो.

भाऊसोनं आणि मी दोरांनी बांधून ठेवलीय. शीड पेटीत हाय. ते काढायचं धाडस मला न्हाई, वारा कुठनं आला की काय सोडायचं आणि काय ओढायचं हे तुझ्या तोंडावर बघून मला समजायचं. मी आपला सुकाणू धरून बसणारा.

कोपऱ्याला तू सांगितलंस ते केलं. साबणाचं पाणी बाहेरून लावून आतून फुंकलं, कुठं बुडबुडा दिसला न्हाई. तरी बी माझ्या बाजूच्या मागच्या खिडकीला खालच्या कडेनं पाणी येतंय. खालून आत येतंय आणि कडेकडेनं वर चढतंय. असं कधी बघितलं न्हाई. तू बघितलंस का? पलटणीत असताना पुण्याला तू चालवायचास त्या बोटींना असं व्हायचं का? सविस्तर लिही. कार्डावर मावत नसंल तर पाकीट घाल.

जिनपाल


१७ ऑगस्ट

नाथाजी,

तुझं कार्ड आलं. "पाणी वर चढत न्हाई. पुन्हा बघ आणि कळव."

बघतो.

जिनपाल


१ सप्टेंबर
उत्तम सत्य

नाथाजी,

बघितलं. कळवतो.

खिडक्या गळत न्हाईत. एक बी गळत न्हाई. जूनमधी बसवल्या तवापासनं थेंब आत आलेला न्हाई. पुढच्या बोल्टाचं पाणी खोटं, मागच्या कोपऱ्यातली ओल खोटी, आणि ते वर चढणारं पाणी तर धडधडीत खोटं. या पावसात आसपासच्या घरांच्या भिंतींना पाझर फुटलेत, पण बोटीत मी पापड वाळत घालावेत एवढं कोरडं हाय.

आमचं दशलक्षण चालू हाय. रोज एका धर्माचा दिवस, आज सत्याचा. एक वेळ जेवून पोथी घेऊन बसलो. वाचायचं सत्यावर आणि डोक्यात ती कोपऱ्यातली ओल. दोनदा पोथी मिटली. मग म्हटलं, हे लिहून टाकल्याबिगर आज वाचन हुणार न्हाई.

खोटं का लिहिलं, ते सांगतो. काम संपलं असतं तर तुझं कार्ड यायचं बंद झालं असतं. गळती असली की तू लिहितोस. तुझ्या दोन ओळी आल्या की त्या दिवशी मी भाऊसोकडं चहाला जातो, त्याला सांगतो की सुभेदारांचं पत्र आलंय. तो विचारतो काय म्हणतात, मी म्हणतो, बोटीचं. मग पुढची गळती शोधायला बसतो. चांगल्या खिडकीला खोट काढणं लय अवघड असतं, गड्या. शेवटी पाणी वर चढवावं लागलं.

आणि तुला म्हाईत हुतं. पाणी कसं वागतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त समजतं, आणि मला बी तेवढं समजतं हे तुला ठाऊक हाय. तू "खोटं लिहू नकोस" म्हणून लिहिलं असतंस तर चाललं असतं. "पाणी वर चढत न्हाई" एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. तू पुढं "कळव" लिहिलंस. तो एक शब्द मी किती वेळा वाचला सांगत न्हाई. कडेगावात घर भरलेलं हाय तुझं, पोरगा हाय, सून हाय, ऊस हाय. तरी तुला सुद्धा पोस्टमनची वाट बघावी लागती का?

क्षमावणी आठवड्यावर आलीय. यंदा ते कमळ कुणालाच जाणार न्हाई. श्रेयसला सांगितलं, गिऱ्हाइकांचं तुझं तू बघ. तुझी क्षमा मी चिठ्ठीत बी मागणार न्हाई. ती तोंडानं मागायची असती, समोर बसून, आणि समोरच्यानं शिवी दिली तर ती ऐकून घ्यायची असती.

पहिल्या पत्रात मी तुला कामासाठी ये म्हणून बोलावलं. पेचकस धरायला ये, नट फिरवायला ये. आता कसलंच काम न्हाई. फळीनं आणि दोरीनं तुझं काम केलं, आणि मी म्हणतोय त्याहून बरं केलं. सकाळपासनं कारण शोधतोय तुला बोलवायला, एक बी सापडत न्हाई.

करमत न्हाई, नाथाजी. ये.

जिनपाल